रेडियम अक्षरकाम, वाहनांवरील

मोटारी, दुचाकी, रिक्षा, टेम्पो इत्यादींच्या पत्र्यावर किंवा काचेवर चिकट विनाइल फिल्ममधून कापलेली अक्षरे व चिन्हे चिकटविण्याचा व्यवसाय. पुण्यात त्याला सर्रास ‘रेडियम’ म्हणतात. मोटारींच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ असलेल्या नाना पेठेपासून उपनगरांतील टपऱ्यांपर्यंत तो चालतो.

नाव : या फिल्ममध्ये रेडियम अंशमात्रही नसते. मारी व प्येर क्यूरी यांनी 1898 मध्ये शोधलेले हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जस्त सल्फाइडात मिसळून घड्याळांच्या तबकड्यांवर लावीत. त्याने काटे अंधारात हिरवट चमकत. अक्षरकामाचे नाव तेथूनच आले, असे एक मत आहे. दुसऱ्या मताप्रमाणे ते ट्रकच्या परावर्तक पट्ट्यांवरून पडले. सूक्ष्म काचमण्यांची ही पट्टी स्वतः प्रकाश देत नाही. दिव्याचा झोत ज्या दिशेने येतो, त्याच दिशेला तो परत पाठविते. ‘रेडियम पोपटी’सारख्या भडक रंगांकडेही काही जण बोट दाखवितात. मात्र पट्टी व रंग या दोहोंना हे नाव मुळात घड्याळावरूनच मिळाले असावे. म्हणून पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. साधे काळे विनाइल रात्री मुळीच चमकत नाही, तरी गिऱ्हाईक मागते ते ‘काळे रेडियम’च.

फिल्म : मूळ द्रव्य पॉलिव्हिनिल क्लोराइड (पीव्हीसी). ते कठीण व ठिसूळ असते. वॉल्डो सेमन यांनी 1926 च्या सुमारास अमेरिकेत त्यात मृदुकारक मिसळून ते लवचिक केले. फिल्म दोन प्रकारे तयार होते. कॅलेंडर प्रकारात तापलेला लगदा रुळांमधून दाबून ताणतात. जाडी साधारणतः 70 ते 100 मायक्रॉन. या ताणाची ‘आठवण’ फिल्ममध्ये राहते आणि उन्हात ती मूळ आकाराकडे आक्रसू लागते. कडेने उघडा पडलेला गोंद धूळ धरतो. जुन्या अक्षरांभोवती दिसणारी काळी किनार ती हीच. कास्ट प्रकारात द्रवरूप पीव्हीसी कागदावर ओतून भट्टीत वाळवितात. त्यात ताण नसल्याने सुमारे 50 मायक्रॉनची ही पातळ फिल्म बॉनेटचा बाक वा पत्र्याची खाच नीट धरते. आयुष्यातला फरक बराचसा मृदुकारकाचा आहे : मोनोमेरिक प्रकारातील लहान रेणू लवकर बाहेर झिरपतात व फिल्म दोन-तीन वर्षांत कडक होते, पॉलिमेरिक (मोठ्या रेणूंचे मृदुकारक असलेली) अधिक टिकते, कास्ट सर्वाधिक. टेम्पोच्या सपाट फाळक्याला कास्ट घेणे हा खर्चिक हौसेचा भाग म्हणावा लागेल. रंगांत काळा उन्हाला सर्वांत चिवट, तर लाल बहुधा आधी विटतो.

कापणी : पेंटरच्या ब्रशची जागा पुण्यात साधारणतः 1990 नंतरच्या काळात प्लॉटरने, म्हणजे संगणकावरील आकृतीप्रमाणे पात्याने फिल्म कापणाऱ्या यंत्राने, घेतली. देवनागरीची अडचण येथे वेगळी आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत अक्षर, काना व मात्रा हे सुटे तुकडे एकमेकांवर चढतात. ते आधी एकसंध (‘वेल्ड’) केले नाहीत, तर पाते शिरोरेषेतच आडवे छेद घेते. एकसंध केल्यावर मात्र पूर्ण शब्द एका तुकड्यात उचलला जातो, ही सोय रोमन लिपीला नाही. वाचण्याच्या दर तीन मीटर अंतरामागे अक्षराची 25 मिमी उंची हा ठोकताळा देवनागरीत मात्रा सोडून मोजावा.

बसविणे : पत्रा साबणाने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, मेण वा सिलिकॉन पॉलिश राहिल्यास गोंद धरत नाही. गॅरेजात नुकत्याच रंगविलेल्या पत्र्यातून विद्रावक निघत असतो; काही आठवडे थांबले नाही तर फुगे येतात. मे महिन्यातील दुपारी उन्हात तापलेल्या पत्र्यावर गोंद टेकताक्षणी घट्ट बसतो व अक्षर सरकविता येत नाही. तेव्हा सावली किंवा सकाळ बरी. ट्रान्सफर टेपवर (कापलेले अक्षर उचलून नेणाऱ्या चिकट पट्टीवर) घेतलेले अक्षर मधून कडेकडे स्क्वीजीने (चपट्या, लवचिक खरवडपट्टीने) दाबतात. साबणपाणी शिंपडून लावल्यास जागा दुरुस्त करता येते, पण गोंद धरायला वेळ लागतो.

नियम : केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांनुसार क्रमांकपट्टीवर रोमन अक्षरे व आंतरराष्ट्रीय अंक लागतात, म्हणून 214 चे ‘राम’ किंवा 8055 चे ‘बॉस’ करणारी कारागिरी बेकायदा ठरते. 1 एप्रिल 2019 पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी उत्पादकाकडूनच येत असल्याने हे काम बरेच घटले. मालवाहू वाहनांच्या परावर्तक पट्ट्या पुढे पांढऱ्या, बाजूंना पिवळ्या, मागे लाल. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास महाराष्ट्रात 2015 मध्ये बंदी झाली; ‘आईचा आशीर्वाद’ निर्वेध आहे.

निगा : पहिले एक-दोन दिवस धुऊ नये. प्रेशर पंपाचा झोत कडेवर तिरका मारू नये; पेट्रोल, थिनर व रॉकेल टाळावे. काढताना हीट गनने किंवा केस वाळविण्याच्या यंत्राने ऊब देऊन लहान कोनात हळू ओढतात. अक्षराखालचा रंग उन्हापासून वाचलेला असल्याने तेथे ठसा उरतो. पॉलिशने तो फिका होतो, पुरता जात नाही. जुन्या टेम्पोवर आधीच्या मालकाचे नाव तिरप्या उन्हात वाचता येते ते यामुळेच.