ऑलिंपिक डॅम खनिज साठा

दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातील तांबे, युरेनियम, सोने व चांदी यांचा प्रचंड साठा. ॲडलेडच्या उत्तर-वायव्येस सुमारे ५५० किमी. अंतरावर, ओसाड प्रदेशात. नावातले ‘डॅम’ म्हणजे गुरांच्या पाण्यासाठी खणलेले तळे. मेलबर्नच्या १९५६ मधील ऑलिंपिकवरून त्याला हे नाव मिळाले.

तांब्याची चाहूल पुष्कळदा खडकावरच्या हिरव्या-निळ्या डागांवरून लागते. येथे तसे काहीच नाही, कारण साठ्यावर ३०० मी.हून जाड, तांबे नसलेले गाळाचे आडवे थर आहेत. शोध लागला तो तर्काच्या आधारे. खोलवरच्या बेसाल्टमध्ये रासायनिक बदल होताना त्यातले तांबे सुटून वरच्या गाळाच्या खडकांत साचले असावे, असे वेस्टर्न मायनिंग कॉर्पोरेशनच्या भूवैज्ञानिकांना वाटत होते. बेसाल्ट जड आणि चुंबकीय. म्हणून गुरुत्व व चुंबकत्व दोन्ही एकाच जागी वाढलेले दिसले, तेथे १९७५ मध्ये पहिले छिद्र घेण्यात आले. सुमारे ३५० मी. खोलीवर ३८ मी. लांबीचा, सुमारे १ टक्का तांब्याचा पट्टा लागला. अपेक्षित बेसाल्ट मात्र लागलाच नाही. गुरुत्व वाढवले होते हेमॅटाइटने (लोह ऑक्साइडाचे जड खनिज), आणि चुंबकत्वाचा उगम साठ्याच्याही खाली मानला जातो. जागा अचूक निघाली, कारणमीमांसा चुकली! पुढच्या छिद्रांचे निकाल उलटसुलट आले. १९७६ च्या अखेरीस दहाव्या छिद्रात १७० मी. लांबीत सरासरी २ टक्क्यांहून अधिक तांबे मिळाले, तेव्हा शंका फिटली.

साठा सुमारे १५९ कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटमध्ये आहे. हा ग्रॅनाइट पुन्हा पुन्हा फुटला, भेगांत उष्ण, लोहयुक्त द्राव शिरले आणि तुकडे हेमॅटाइटने सांधले जाऊन कोणाश्म (टोकदार तुकड्यांचा खडक) बनला. त्याच्या गाभ्यात जवळजवळ नुसते हेमॅटाइट व क्वार्ट्‌झ असते, तांबे नगण्य. तांब्याची खनिजेही पट्ट्यापट्ट्यांनी बदलतात: खोलवर व बाहेरच्या बाजूस कॅल्कोपायराइट, वर व आत बोर्नाइट आणि कॅल्कोसाइट. सोने अतिसूक्ष्म कणांत विखुरलेले असून ते उपउत्पादन म्हणून मिळते.

तोवरच्या कोणत्याही वर्गात हा साठा नीट बसेना. १९९० नंतर ‘लोह ऑक्साइड–तांबे–सोने’ हा वर्ग रूढ झाला आणि ऑलिंपिक डॅम त्याचा नमुना ठरला. खाण १९८८ मध्ये सुरू झाली. २००५ पासून ती बीएचपी या ऑस्ट्रेलियन खाणकंपनीकडे आहे. याच भूभागातील प्रॉमिनंट हिल (२००१) आणि कॅरापटीना (२००५) हे साठेही असेच थरांखाली दडलेले सापडले.