पुढच्या चाकाचा शॉकअप म्हातारा होतो तेव्हा

तापीकाठच्या काळ्या मातीवर रस्ता सपाट ठेवणं म्हणजे भल्याभल्या इंजिनिअरची परीक्षा. या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं डांबरही तिच्यासोबत उठतं-बसतं. खड्डे बुजवले तरी लांबच लांब लाटा उरतात आणि मागच्या सीटवरची आजी म्हणते, "हाई गाडी कितली डोलस!"

आजीची तक्रार आकड्यांत मांडता येते. स्प्रिंगवर बसलेल्या गाडीच्या सांगाड्याला स्वतःची एक लय असते, साधारण सेकंदाला एक ते दीड झोका. रस्त्यावरच्या दोन उंचवट्यांत १४ मीटर अंतर आहे आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर वेगाने चालली आहे असं धरा. चाकाखालून सेकंदाला १.२ लाटा जातात. रस्त्याची लय आणि गाडीची लय जुळली, की प्रत्येक लाट आधीच्या झोक्यात भर घालते. वेग जरा कमी-जास्त केला तर डोलणं घटतं, हे इथल्या ड्रायव्हरांना भौतिकशास्त्र न शिकताही ठाऊक असतं. स्पोर्ट्स कारची स्प्रिंग कडक, तिची लय जलद. त्यामुळे तिच्या बाबतीत हा मेळ आणखी वरच्या वेगाला बसतो, आणि तिथे तो जास्त महागात पडतो.

हा झोका जिरवायचं काम शॉकअपचं. झटका झेलते ती स्प्रिंग, पण झेललेली ऊर्जा ती लगेच परत करते. शॉकअपच्या नळीत तेल असतं. दांड्याच्या टोकाचा पिस्टन त्या तेलातून वर-खाली होतो आणि तेलाला बारीक झडपांतून वाट काढावी लागते. या ओढाताणीत गतीची उष्णता होते आणि नळीच्या पत्र्यातून ती हवेत जाते. बहुतेक गाड्यांत चाक खाली जाताना होणारा विरोध वर येतानाच्या विरोधापेक्षा जास्त ठेवलेला असतो, नाहीतर दाबलेली स्प्रिंग उसळून गाडीला वर फेकेल.

इथवरचं सगळ्या गाड्यांना लागू. जुन्या स्पोर्ट्स कारची खरी गोम पुढच्या चाकात आहे. अर्ल मॅकफर्सन नावाच्या इंजिनिअरने १९४०च्या दशकात जनरल मोटर्सच्या एका छोट्या गाडीसाठी नवी रचना आखली. तो प्रकल्प बारगळला, मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि १९५० साली ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांत ती रचना रस्त्यावर आली. तिच्यात वरचा आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारा आडवा दांडा, नाहीच. खाली एक आर्म, आणि त्याच्यापासून बॉनेटखालच्या बुरुजापर्यंत उभा जाणारा स्ट्रट. म्हणजे शॉकअप नुसता झोका जिरवत नाही, चाकाला उभंही धरतो. जपानची डॅटसन २४० झेड असो की जर्मनीची पोर्शे ९११, पुढे हाच प्रकार. धुळे-जळगावात या गाड्या शोधून सापडायच्या नाहीत, पण मारुती ८०० ज्याच्या दारात होती त्याच्या दारात मॅकफर्सन होताच.

या दुहेरी नोकरीची किंमत दांडा मोजतो. ब्रेक दाबला, वळण घेतलं, की चाक स्ट्रटला आडवं ढकलतं. म्हणून साध्या शॉकअपचा दांडा १०-१२ मिलिमीटर जाड, तर स्ट्रटचा २०-२२. तरीही वरच्या तोंडाशी दांड्याला सरळ धरणारा बुश एका बाजूने झिजतो, तेल अडवणारं सील गळू लागतं. तेलाचा ओलसर थर आला, की आपल्याकडची धूळ त्यावर बसते आणि काळा चिकट लेप तयार होतो. दर झोक्याला दांडा हा लेप सीलच्या ओठापर्यंत नेतो. धूळ अडवायला रबराचं आवरण असतं, पण मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जाणाऱ्या भुसावळ-जळगावात ते तडकायला किती वेळ लागतो? आणि ते तडकलं तरी मुद्दाम वाकून बघतो कोण! त्यात तेल तापलं की पातळ होतं आणि झडपांतून सहज निसटतं. थकलेला शॉकअप इथे उन्हाळ्यात जास्त उघडा पडतो तो यामुळे.

मारुतीचा स्ट्रट दोन बोल्ट सोडून अख्खा बदलतात. २४० झेडसारख्या गाडीत स्ट्रटची बाहेरची नळी चाकाच्या आसाशी एकजीव असते, ती फेकून चालत नाही. म्हणून बॉलपेनची रिफिल बदलावी तसा फक्त आतला भाग बदलतात. त्याला इन्सर्ट म्हणतात. मूळच्या रचनेत तेल थेट बाहेरच्या नळीतच असायचं. ते ओतून टाकायचं, जुना पिस्टन आणि झडपा काढायच्या, नळी आतून स्वच्छ पुसायची आणि बंद डब्यासारखा नवा इन्सर्ट आत सोडायचा. डबा आणि नळी यांच्यात बारीक फट राहते. या फटीत थोडं तेल ओततात, आणि ही पायरी गॅरेजमध्ये सर्रास गाळली जाते. तेल ओतायचं ते उष्णतेसाठी. तेल हवेच्या पाचेक पट उष्णता वाहून नेतं. फट कोरडी राहिली तर इन्सर्ट हवेच्या गोधडीत गुंडाळल्यासारखा आतल्या आत तापतो. मात्र काठोकाठ भरायचं नाही, कारण ६० अंशांनी तापलं की तेल सुमारे चार टक्के फुगतं आणि त्याला जागा हवी.

वर गळ्याशी मोठा नट बसतो. तो इन्सर्टला घट्ट आवळून धरतो की नुसताच नळीच्या काठावर टेकलाय, हे बघावं लागतं. टेकला असेल तर डबा आत हलतो आणि प्रत्येक गतिरोधकावर 'टक' असा आवाज येतो. मग मालक बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा, बदलतो, स्टिअरिंग बदलतो, पण आवाज काही जात नाही. दांडा फिरू नये म्हणून काही मेकॅनिक त्याला पकडीने धरतात. ते बघून माझं डोकं फिरतं. क्रोमवर उठलेला एक ओरखडा नवं सील कापायला पुरेसा असतो.

स्ट्रटभोवती बसवलेल्या स्प्रिंगशी मात्र खेळ नको. मिलिमीटरला २० न्यूटन जोर घेणारी स्प्रिंग तिच्या मोकळ्या लांबीपेक्षा १५० मिलिमीटर दाबलेली असेल, तर तिच्यात २२५ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. २३ किलोचं वजन एक मीटरवरून पडलं तर जेवढी, तेवढी. दांड्याच्या वरच्या टोकाचा नट सोडण्याआधी स्प्रिंग दाबून धरणारे दोन कॉम्प्रेसर समोरासमोर लावायचे. तार बांधून काम उरकणारा मिस्त्री कितीही हुशार असला तरी त्याच्यापासून चार हात लांब राहावं. १९८९पर्यंतच्या पोर्शे ९११मध्ये ही भानगडच नाही. तिथे स्ट्रटभोवती स्प्रिंग नसते, खालच्या आर्मला जोडलेला पीळ घेणारा दांडा स्प्रिंगचं काम करतो.

नवा इन्सर्ट गॅसचा असेल तर गाडी किंचित उंच होते. आत पाच बार दाबाचा नायट्रोजन आणि दांडा २० मिलिमीटरचा असेल तर तो दाब दांड्याला सुमारे १५७ न्यूटनने बाहेर ढकलतो. वर सांगितलेल्या स्प्रिंगवर गाडी आठ मिलिमीटर उचलायला एवढा जोर पुरतो. गॅस घालतात तो गाडी उचलायला नव्हे, तेलाला फेस येऊ नये म्हणून. फेसात हवा असते, हवा दबते आणि पिस्टनच्या चालीत मध्येच पोकळी जाणवते. पण गाडीची उंची बदलली की चाकांची दिशाही थोडी सरकते. म्हणून खालचा बॉल जॉइंट सोडलेला नसला तरी अलाइनमेंट करून घ्यायचं, आणि तेही शंभरेक किलोमीटर चालवून स्प्रिंग आणि रबर जागेवर बसल्यावर.

एकाच बाजूचा इन्सर्ट बदलून पैसे वाचवायचा मोह होतोच. मग एक चाक लाटेवर लगेच शांत होतं, दुसरं आणखी दोन झोके घेतं, आणि त्याच क्षणी ब्रेक दाबला तर गाडी एका अंगाला ओढते. यावल-चोपड्याच्या बाजूला रात्री केळीच्या ट्रकना वाट देताना तरी ही गंमत नको.