संविधान तक्ता

संविधान तक्ता : प्रश्नपत्रिका काढण्यापूर्वी तिचे गुण उद्दिष्ट, घटक आणि प्रश्नप्रकार यांवर कसे वाटायचे हे ठरवणारी सारणी. बी.एड्. व डी.एल.एड्. (पूर्वीचे डी.एड्.) अभ्यासक्रमांत विद्यार्थी-शिक्षकांना घटक चाचणीच्या प्रात्यक्षिकात ती करावी लागते. येथील ‘संविधान’ म्हणजे रचना, योजना. राज्यघटनेशी त्याचा संबंध नाही.

या सारणीचे मूळ सामान्यतः अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणात शोधले जाते. ते पूर्णपणे पटणारे नाही. एका बाजूला आशय आणि दुसऱ्या बाजूला अपेक्षित वर्तन ही द्विमितीय मांडणी राल्फ टायलर यांच्या १९४९ च्या अभ्यासक्रमविषयक पुस्तकात स्पष्टपणे आढळते आणि त्यामागचा विचार १९३० च्या दशकातील त्यांच्या मूल्यमापनकार्यापर्यंत मागे नेता येतो. मात्र टायलर यांचा तक्ता उद्दिष्टे नेमकी करण्यासाठी होता, गुण वाटण्यासाठी नव्हे. ब्लूम यांच्या वर्गीकरणाने त्यातील वर्तनाच्या बाजूला पायऱ्या दिल्या, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

भारतात ही पद्धत माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२–५३) परीक्षापद्धतीवर केलेल्या टीकेनंतर रुजली. १९५७ च्या सुमारास ब्लूम यांनी येथे मूल्यमापनाच्या कार्यशाळा घेतल्या. १९५८ मध्ये केंद्रीय परीक्षा विभाग निघाला आणि १९६१ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. ब्लूम यांचे बोधात्मक (विचार व ज्ञान यांच्याशी संबंधित) स्तर सहा. आपल्या शालेय तक्त्यात मात्र ज्ञान, आकलन, उपयोजन व कौशल्य असे चारच रकाने रूढ झाले. विश्लेषण, संश्लेषण व मूल्यमापन बहुधा उपयोजनातच सामावले गेले. कौशल्य हा रकाना तर बोधात्मक क्षेत्रातला नाहीच. आकृती काढणे, नकाशा भरणे यांसाठी तो क्रियात्मक (हातांच्या व शरीराच्या कौशल्यांच्या) क्षेत्रातून आला.

प्रत्यक्ष तक्ता असा भरतात : इयत्ता आठवीच्या ‘बल व दाब’ या घटकावर २५ गुणांची चाचणी असेल, तर ज्ञान ५, आकलन १०, उपयोजन ७ व कौशल्य ३ असे भारांश (गुणांचे वाटे) ठरवता येतात. हेच २५ गुण आडव्या ओळींत दाब ९, प्लावक बल ६ व आर्किमिडीजचे तत्त्व १० असे विभागले जातात. चौकटीत ‘४(२)’ लिहिले, तर २ प्रश्नांना मिळून ४ गुण. आडवी आणि उभी बेरीज २५ च आली पाहिजे. निम्मा वेळ बहुधा याच जुळणीत जातो.

खरी अडचण बेरजेची नाही. ‘साध्या पाण्यात बुडालेले अंडे मीठ घातल्यावर का तरंगते?’ हा प्रश्न कोणत्या रकान्यात घालायचा? दिसायला तो उपयोजनाचा. पण हाच प्रयोग शिक्षकाने वर्गात करून कारण वहीत उतरवून दिले असेल, तर उत्तर पाठांतराचे आणि प्रश्न ज्ञानाचा. ‘का’ विचारणारा प्रत्येक प्रश्न आकलनाचा मानण्याची सवय म्हणूनच फसवी आहे. प्रश्नाचा रकाना त्याच्या क्रियापदावर नव्हे, विद्यार्थ्याला आधी काय शिकवले यावर ठरतो, आणि ते तक्ता तपासणाऱ्या प्राध्यापकाला कागदावरून दिसत नाही. आधी प्रश्न काढून मागाहून त्यांना तक्ता चिकटवण्याचा प्रकारही सर्रास चालतो. अशा वेळी तक्ता सुबक दिसतो, पण आशयाच्या सप्रमाणतेची, म्हणजे शिकवलेल्या भागाची चाचणी नीट घेतली जाण्याची, हमी राहत नाही.

चाचणीनंतर पदविश्लेषण, म्हणजे एकेका प्रश्नाची तपासणी, करतात. त्यासाठी वरच्या व खालच्या २७ टक्के विद्यार्थ्यांचे गट घेण्याचा संकेत ट्रुमन केली यांच्या १९३९ मधील विवेचनावर आधारलेला असून तो गुणांचे प्रसामान्य वितरण (बहुतेकांचे गुण सरासरीजवळ, टोकांना थोडे) गृहीत धरतो. ४० जणांच्या वर्गात हे गट ११ जणांचे होतात. वरच्या गटात ९ व खालच्या गटात ४ उत्तरे बरोबर असतील, तर काठिण्यमूल्य (दोन्ही गटांतील बरोबर उत्तरांचे प्रमाण, १३/२२) ०.५९ आणि भेदनमूल्य (दोन गटांतील फरक, ५/११) ०.४५ येते. नावाने चकवणारी गोष्ट अशी, की काठिण्यमूल्य जितके जास्त तितका प्रश्न सोपा.

महाराष्ट्रात २०१० पासून प्राथमिक स्तरावर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यातील संकलित (सत्राअखेरच्या) चाचण्यांना तक्ता लागू पडतो. तोंडी काम, प्रकल्प, निरीक्षण अशा आकारिक (शिकत असतानाच घेतल्या जाणाऱ्या) नोंदींना तो फारसा उपयोगी पडत नाही.