अल्टरनेटर बॅटरी पूर्ण का भरत नाही?

१९१२ मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर गाडीत बसवला आणि हँडल मारण्याचे कष्ट संपले. लेड-ॲसिड बॅटरीच्या मागे मात्र रोज उतरायचं आणि रोज चार्ज व्हायचं काम लागलं. चार्जिंगला होता डायनमो, म्हणजे इंजिनवर फिरून डीसी वीज बनवणारं जनित्र. त्याचा सगळा करंट कॉम्युटेटर (फिरणाऱ्या भागावरची तांब्याच्या पट्ट्यांची कडी) आणि तिला घासणाऱ्या कार्बन ब्रशमधून बाहेर यायचा, त्यामुळे तो फार वेगाने फिरवता येत नसे. इंजिन आयडलिंगला आलं की चार्जिंग जवळजवळ बंद. आपल्याकडे जुनी ॲम्बेसेडर चालवलेल्यांना सिग्नलपाशी डॅशबोर्डवर लुकलुकणारा चार्जिंगचा लाल दिवा आणि पिवळे पडणारे हेडलाइट आठवत असतील.

एसी वीज बनवणारं जनित्र, म्हणजे अल्टरनेटर, ठाऊक होता, पण बॅटरीला डीसी लागते आणि त्याच्या एसीचं डीसी करणारं लहान, टिकाऊ साधन नव्हतं. ते करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या सिलिकॉन डायोडने दिलं आणि क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर आणला. त्याच्या ब्रशमधून फक्त फील्डचा, म्हणजे चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीचा, थोडासा करंट जातो. त्यामुळे तो इंजिनच्या दुपटीहून जास्त वेगाने फिरतो आणि आयडलिंगलाही चार्जिंग देतो.

करंटचा प्रश्न सुटला, व्होल्टेजचा सुटला नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. सहा सेलची पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. चार्जिंग करताना सेलमागे २.४ व्होल्टच्या, म्हणजे एकूण १४.४ च्या आसपास पाण्याचा वायू होऊ लागतो. व्होल्टेज फार कमी ठेवलं तर बॅटरी अर्धवटच राहते आणि प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. म्हणून व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर साधारण १३.८ ते १४.४ वर ठेवण्याची पद्धत पडली. ही तडजोड आहे. उन्हाळ्यात व्होल्टेज कमी लागतं, थंडीत जास्त. कॅल्शियमच्या प्लेटा आल्यावर पाणी कमी उडू लागलं आणि वरची मर्यादा थोडी सरकली. पण बॅटरी भरत येते तशी ती करंट कमी घेते. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला काही तास लागतात. बाजारापर्यंतच्या फेरीत ते होणं शक्य नाही.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तर अल्टरनेटरला हुकूम इसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, देतो. वेग घेताना व्होल्टेज उतरवतो, ॲक्सिलरेटर सोडला की चढवतो, आणि ती फुकटची वीज साठवायला बॅटरीत मुद्दाम जागा ठेवतो. अशा गाडीत इंजिन चालू असताना मल्टिमीटरवर १२.८ दिसले म्हणून लगेच अल्टरनेटर बदलू नये. आधी हेडलाइट लावून पुन्हा मोजावं. आणि गाडी फक्त जवळपास फिरत असेल, तर अधूनमधून रात्रभर बाहेरचा चार्जर लावावाच.