डायल-अप मध्येच का तुटतं?

डायल-अप कनेक्शन, म्हणजे मोडेम या उपकरणाने टेलिफोनवरून नंबर फिरवून जोडलेलं इंटरनेट, 'कधीही' तुटतं असं वाटत असेल, तर आधी कागद-पेन जवळ ठेवा. प्रत्येक वेळी किती वाजता तुटलं, जोडून किती मिनिटं झाली होती आणि तेव्हा काय चालू होतं, एवढंच लिहा. आठवडाभरात बहुधा काहीतरी नियम दिसू लागतो. काही न करता ठरावीक मिनिटं गेली की तुटत असेल, तर लाइन निर्दोष आहे. संगणकाच्या डायल-अप सेटिंगमध्ये किंवा सेवादात्याच्या सर्व्हरवर निष्क्रियतेची मर्यादा लावलेली असते. दुसरा कॉल येताच तुटत असेल तर कॉल वेटिंगची बीप त्याला कारणीभूत आहे; ती सोय बंद करावी. पावसात तुटत असेल तर कुठेतरी जोडात पाणी शिरतंय.

टेलिफोनची लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच जागा देते आणि सगळा डेटा तेवढ्यात बसवावा लागतो. किरकोळ खरखर झाली तर चुकलेला तुकडा पुन्हा मागवला जातो, वेग मंदावतो, दोन्ही मोडेम पुन्हा जुळवणी करतात. समोरच्या मोडेमचा कॅरिअर, म्हणजे डेटा वाहून नेणारा सलग सूर, ठरावीक वेळेपेक्षा जास्त हरवला की मात्र मोडेम फोन ठेवून देतो. ही वेळ मोडेमच्या एस१० रजिस्टरमध्ये, म्हणजे सेटिंगच्या एका खणात, सेकंदाच्या दशांशांत असते. पुष्कळ मोडेममध्ये मूळ आकडा १४, म्हणजे १.४ सेकंद. संगणकाच्या मोडेम सेटिंगमधल्या जादा आज्ञांच्या रकान्यात एटीएस१०=५० (इंग्रजीत ATS10=50) लिहिलं की मोडेम ५ सेकंद थांबतो. क्षणिक खंडांवर हा उपाय छान चालतो, पण लाइनच खराब असेल तर तो दोष फक्त झाकतो.

म्हणून लाइन कानांनी ऐका. रिसीव्हर उचला, एक अंक दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि त्या शांततेत लक्ष द्या. कडकड आवाज म्हणजे सैल, गंजलेला किंवा ओला जोड. सलग घूं-घूं असेल तर तार विजेच्या तारेला लागून गेली असण्याची शक्यता मोठी.

यानंतरची चाचणी सगळ्यांत मोलाची: घरातले सगळे फोन, फॅक्स, आन्सरिंग मशीन काढा आणि बाहेरची तार जिथे आत येते तिथेच आखूड तारेने मोडेम जोडा. आता टिकलं तर दोष घरात आहे. एकेक उपकरण परत लावत जा, पण प्रत्येकानंतर तासभर तरी वाट पाहा. लांब, चपटी एक्स्टेन्शन तार पिळलेली नसल्यामुळे आवाज सहज पकडते; ती आधी बदला.

तिथेही तुटत असेल तर वेग कमी करा. व्ही.९० या मोडेम-मानकाच्या ५६ के (सेकंदाला ५६ किलोबिट) वेगाला लाइन फार स्वच्छ लागते. बऱ्याच मोडेमवर एटी+एमएस=व्ही३४ (इंग्रजीत AT+MS=V34) ही आज्ञा मोडेमला ३३.६ केच्या आत ठेवते; आज्ञा चिपनुसार बदलते, तेव्हा माहितीपुस्तिका बघा. तुटल्यावर फाइल पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागत असेल, तर तासात तीनदा तुटणाऱ्या ४६ केपेक्षा न तुटणारं ३१.२ के मोठी फाइल लवकर उतरवतं.

संगणकाच्या प्रोसेसरवर चालणारे स्वस्त सॉफ्टवेअर मोडेम जड प्रोग्रॅम सुरू होताच अडखळतात; दुसरा, शक्यतो बाहेरचा सिरियल मोडेम लावून खात्री करा. तोही त्याच जागी तुटला, तर दूरध्वनी कंपनीकडे तक्रार करताना 'बोलताना खरखर येते' असं सांगा आणि लिहिलेल्या वेळा द्या. डेटाच्या वेगाची हमी कंपनी सहसा देत नाही, आवाजाची तक्रार मात्र ती तपासते.