घरातील परवान्याच्या बंदुकीची साठवण (गोवा)

परवान्याची बंदूक वापरात नसताना रिकामी करून, कुलपात आणि काडतुसांपासून वेगळी ठेवण्याची पद्धत. गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोण भागांत शेत-बागायतीच्या राखणीसाठी बंदूक बाळगतात. रानडुकरांच्या मागे रात्र काढून दमलेला माणूस पहाटे कुळागरातून (सुपारी-नारळाच्या बागेतून) परततो आणि बंदूक तशीच दाराआड टेकवतो किंवा मांगरात (शेतातल्या खोपीत) ठेवून येतो. अपघाताची सुरुवात इथेच होते.

सर्वांत जास्त जपावे लागते ते ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून ठासून भरायच्या बंदुकीला. दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, की काडतूस आहे की नाही ते डोळ्यांना दिसते. ठासणीत मात्र बंदुकीची दारू, ती दाबून ठेवणारा बोळा आणि छर्रे नळीच्या तळाशी दडलेले असतात. त्यासाठी आधी टोपी (घोडा आपटताच ठिणगी देणारी छोटी धातूची टोपी) काढतात, नळीचे तोंड माणसांपासून दूर धरतात आणि तोंडासमोर न येता गज (ठासण्याची लांब काठी) तळापर्यंत सोडतात. रिकाम्या नळीत गज तळाला टेकला की त्याचा जो भाग नळीच्या तोंडाशी येतो, तिथे खूण केलेली असते. ती नळीच्या तोंडाच्या बोटभर वर राहिली तर बंदूक भरलेली आहे. टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली, हा समज जीवघेणा आहे.

बंदुकीसाठी भिंतीत बोल्टने आवळलेले लोखंडी कपाट उत्तम. काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकाजवळच असाव्यात. देवाच्या तसबिरीमागे लपवलेली किल्ली घरातली मुले हमखास शोधून काढतात. पावसाळ्यात चामड्याचे म्यान ओल धरते व नळीला गंज चढतो, म्हणून पुसून, तेलाचा हात फिरवून बंदूक म्यानाबाहेर ठेवावी. दारू कोरडी राहावी म्हणून चुलीवरच्या माळ्यावर ठेवणे तर आगीला आमंत्रणच.

शस्त्र कायदा १९५९ चा असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना वन्यजीव कायद्यानुसार (१९७२) वेगळी नोंदणीही लागते; सत्तरीतील म्हादई अभयारण्यामुळे (१९९९) ही अट तिथल्या अनेक गावांना लागू पडते. निवडणुकीच्या काळात प्रशासनाचा आदेश आल्यास बंदूक जमा करावी लागते. परवानाधारक वारल्यावर वारसांनी ती विनाविलंब पोलीस स्थानकात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यायची असते. वडिलांची आठवण म्हणून ती कपाटात तशीच राहते, आणि घरच्यांच्या नकळत ते बेकायदा ठरते.

खंडेनवमीला बंदूक पूजेसाठी पाटावर येते, भोवती सगळे घर जमते. त्या दिवशी हळद-कुंकू लावण्याआधी गज पुन्हा एकदा नळीत सोडून पाहतात.