धर्मजीवनातील नाद आणि संगीत (नागपूर)

नागपुरातील निरनिराळ्या धर्मसमाजांच्या उपासनेत, उत्सवांत व मिरवणुकांत चालणारे पठण, गायन आणि वादन. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने वसवलेल्या या शहरात मराठी, हिंदी, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. तशी वाद्येही एका समाजाच्या ताब्यात राहिली नाहीत. ‘संदल’ हा शब्द त्याचीच खूण आहे.

संदल म्हणजे चंदन. उरुसात चंदनाचा लेप वाजतगाजत दर्ग्यात नेऊन मजारीला लावतात. त्या मिरवणुकीलाही संदल म्हणतात. सूफी संत ताजुद्दीन बाबा (१८६१–१९२५) कामठीचे. राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात नेले. ताजबागेतील त्यांच्या दर्ग्यात हिंदूही तितक्याच श्रद्धेने येतात. पुढे मिरवणुकीचे हे नाव तिच्यात ताशा वाजवणाऱ्या ताफ्यांना चिकटले. आज नागपूरकर ‘संदल सांगितला’, म्हणजे वादकांचा ताफा ठरवला, म्हणतो, तेव्हा मिरवणूक गणपतीची किंवा लग्नाचीही असू शकते. दमट हवेत ताशाचे कातडे सैल पडते. मग वादक रस्त्याच्या कडेला कागद पेटवून ताशा त्या आचेवर फिरवतात, काडीचा एक फटका मारून कान देतात आणि आवाज टणक निघाला की घोळक्यात परततात.

अजान आणि कुराणपठण मात्र संगीतात मोडत नाहीत. त्यांत स्वर असतो, पण मुस्लिम परंपरा त्याला गाणे म्हणत नाही. कव्वाली दर्ग्यात चालते ती सूफींच्या ‘समा’च्या, म्हणजे भक्तिगीत ऐकण्याच्या, परंपरेने.

असाच भेद बौद्ध समाजातही दिसतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून पाली भाषेतील त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग स्वतः लाखो अनुयायांना दीक्षा दिली. तेव्हापासून वंदना वाद्यांविना, सामूहिक आवाजात म्हटली जाते. भिक्खूंना तर नृत्य, गीत, वादन वर्ज्यच. दहा शीलांपैकी सातवे तेच सांगते. पण विहाराबाहेर उपासकांचे गाणे थांबले नाही. गाण्यांतून आंबेडकरांचे विचार पोहोचवणाऱ्या आंबेडकरी जलशांनी पूर्वीच घातलेल्या वाटेवर भीमगीते वाढली. त्यांनी कव्वालीचा साज घेतला: ढोलकी, पेटी, टाळ्या आणि दोन गायनपार्ट्यांचे रात्रभराचे सामने. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी एकामागून एक भोंगे ही गाणी वाजवत असतात. पुस्तकापर्यंत न पोहोचलेल्या घरांत बाबासाहेब या गाण्यांतून पोहोचले, म्हणून धार्मिक संगीताच्या नोंदीत भीमगीतांना दुय्यम स्थान देणे चूक ठरेल.

हिंदू भजनाला विदर्भात वेगळा ठसा दिला तो तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८). नागपूरचे विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचे वाद्य खंजिरी: लाकडी कडे, एका बाजूला कातडे आणि हाताची थाप. मराठी आणि हिंदीत रचलेल्या त्यांच्या भजनांत देवाइतकेच गाव, श्रम आणि व्यसनमुक्ती येते. सर्वधर्मीयांनी एकत्र बसून म्हणायची सामुदायिक प्रार्थना हीही त्यांचीच देणगी.

धंतोलीच्या रामकृष्ण मठातील (स्थापना १९२८) सायंआरती, दुर्गापूजेतील ढाक हा बंगाली ढोल, गुरुद्वारांतील शबद-कीर्तन हेही शहराच्या कानाला सवयीचे आहेत. मराठी ख्रिस्ती उपासनेचे नाते वारकरी छंदांशी आहे. नागपुरात काही काळ राहिलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी ख्रिस्ताची स्तुती अभंग-ओवीत बांधली, आणि ती पदे मराठी मंडळ्या आजही पेटी-तबल्यावर गातात.